लाल पट्टीच्या बारा गाड्या

धरणाच्या रस्त्यावरचं दुसरं वळण आलं आणि ताईने गाडी तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर घेतली, तेव्हा शेजारी बसलेल्या दादाने दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"अगं हळू! मला दोन मुली आहेत."

"माहीत आहेत मला. धरून बस नीट."

तिने पाय दाबला. आधी क्षणभर काहीच झालं नाही, मग इंजिनाने खोल श्वास घ्यावा तसा आवाज केला आणि दोघांच्याही पाठी खुर्चीला चिकटल्या. वळणात गाडी जराही कलली नाही. रुंद टायरांनी रस्ता असा धरला होता, की ताईला वाटलं आपण स्टिअरिंग फिरवतच नाही, नुसतं मनात आणतो आणि गाडी वळते. तीस वर्षं ती गाड्यांखाली झोपून काम करत आली होती. वाईट गाडी तिला आवाजावरून कळायची. ही चांगली होती. चांगली म्हणजे, बनवणाऱ्यांनी जीव ओतला होता.

सपाट रस्ता लागल्यावर तिने गाडी कडेला घेतली. दादाने कमरेवर हात ठेवला.

"गाडी आहे की पाटा? एकेक खडा मणक्यात मोजला मी."

"गाडी लाख आहे, दादा," ताई म्हणाली. "पण खपणार नाही."

दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा, पण सगळं घर आणि सगळं वर्कशॉप तिला ताई म्हणे म्हणून तोही ताईच म्हणायचा. "का गं? एवढी उडते तर!"

"उडते, पण दिसते कशी? उतर आणि बघ. तीच गाडी आहे. बाबांनी एकतीस वर्षं विकली तीच. डिकीत पाळणा मावणारी, मागे तीन म्हातारी माणसं बसवणारी. शहरातल्या निम्म्या टॅक्सी हीच गाडी आहेत. कंपनीने आत दुप्पट ताकदीचं इंजिन घातलं, ब्रेक मोठे केले, मागे नावाखाली एक लाल पट्टी ओढली आणि किंमत लावली साध्या गाडीच्या अडीचपट. ज्याच्याकडे तेवढे पैसे आहेत, त्याला चार लोकांनी वळून बघावं असं वाटतं. हिच्याकडे कोण वळून बघणार? हात करून थांबवतील फार तर. आणि ज्याला ही कळते, त्याला परवडत नाही."

दादा हसला. पोटापासून हसला. मग म्हणाला, "अकरा वाजता बैठकीत हेच सांग. मी तुझ्या बाजूने आहे."

"नक्की?"

"तीन जागा तोडून तिथे काचेची खोली बांधायची, हे मला तरी कुठे पटलंय?"

ताईला एवढंच हवं होतं. कंपनीची अट साधी होती. लाल पट्टीवाली गाडी हवी तर वर्षाला बारा घ्या, नाहीतर एकही मिळणार नाही; आणि बारा घ्यायच्या तर त्यांच्यासाठी वेगळी काचेची खोली बांधा, सोफे टाका, दिवे लावा. जागा एकच होती. ताईच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करायच्या सात जागा होत्या, त्यातल्या शोरूमला लागून असलेल्या तीन. होकार-नकार आज दुपारपर्यंत कळवायचा होता. धंद्यात चौघांचा वाटा होता: बाबा, दादा, ताई आणि बाळू. मतं दोन-दोन पडली तर बाबा म्हणतील ते. दादा बरोबर असला तर बाबांना ती पटवू शकेल असं ताईला वाटत होतं.

*

रविवार असल्यामुळे शोरूम बंद होतं. वरच्या ऑफिसात लांब टेबलाभोवती सगळे बसले होते. बाबा टोकाच्या खुर्चीवर, ऐकू येणारा कान टेबलाकडे करून. कंपनीचा माणूस भिंतीवर चित्रं दाखवत होता: काचेची खोली, काळे सोफे, मधोमध लाल गाडी. त्याच्या शेजारी बाळू उभा होता. बेचाळीस वर्षांचा झाला तरी घरात तो बाळूच होता. नवा कोट घातला होता त्याने, आणि बोलताना त्याचा आवाज जरा चढत होता.

"साधी गाडी दरवर्षी कमी खपतेय, हे दादालाही माहीत आहे. लोक उंच गाड्यांकडे चाललेत. आपण काय करतोय? बघत बसलोय. ही एक गाडी काचेमागे उभी राहिली ना, की रस्त्यावरून जाणारा माणूस आत येईल. हिला हात लावेल, हिच्यात बसेल, आणि साधी घेऊन जाईल. साधीचीही शान वाढेल. आणि या बारांचं म्हणाल तर माझ्याकडे नावं तयार आहेत. एकोणीस."

त्याने यादी बाबांपुढे सरकवली. बाबांनी चष्मा न लावताच ती ताईकडे दिली.

बाळूचं बोलणं अगदीच वेडगळ नव्हतं, हे ताईला कळत होतं. पण यादीवर नजर टाकली आणि तिला राहवेना.

"हा दंतवैद्य? गेल्या वर्षी ब्रेक बदलायला आला तेव्हा विचारत होता, जुनेच घासूनपुसून चालतील का."

दादा खुदकन हसला.

"हा वैमानिक. महिन्यातले बावीस दिवस आकाशात असतो. गाडी चालवते त्याची सासू. सत्तरीची आहे, दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. हा बांधकामवाला, याचे गुडघे गेलेत. इतकं खाली बसला तर उठवायला दोन माणसं लागतील. आणि हा गाण्याचा मास्तर! बाळू, हा दर शनिवारी येऊन गाड्या बघून जातो, कारण त्याला घरी करमत नाही. त्याच्या सायकलचं पंक्चरसुद्धा आपणच काढून देतो."

"त्यांनी स्वतः सांगितलंय, घेणार म्हणून," बाळू म्हणाला.

"तू कॉफी पाजत होतास तेव्हा सांगितलं असेल. मी गेल्या आठवड्यात आपल्या चाळीस जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. किंमत सांगितली की हसायचे. एकाने तर विचारलं, या किमतीत दोन साध्या येतात का."

एव्हाना कंपनीचा माणूसही ओठ दाबून बसला होता. ताईने तिथे थांबायला हवं होतं. पण समोरचे हसताहेत म्हटल्यावर माणसाला भान राहत नाही.

"तुला गाड्या विकायच्याच नाहीत, बाळू. तुला काचेची खोली हवी आहे. आधी सीट-कव्हरचं दुकान झालं, मग जुन्या गाड्यांचा बाजार झाला. दोन्हींचे बोर्ड अजून माझ्या माळ्यावर पडलेत. हा तिसरा कुठे ठेवू?"

कुणी हसलं नाही. बाळूने यादी उचलली, घडी केली, पुन्हा उलगडली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी परीक्षेचा निकाल हातात घेऊन दारात उभा राहायचा तेव्हा व्हायच्या तशाच.

"तू मला माणसात धरतच नाहीस, ताई," तो हळू म्हणाला.

बाबांनी टेबलावर बोट वाजवलं. "पुरे. दादा, तू बोल."

दादा पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता. "मला वाटतं... घेऊन बघायला हरकत नाही."

ताईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "दादा?"

"वर्षभराचा तर प्रश्न आहे," तो ग्लासालाच म्हणाला. "नाही जमलं तर बघू."

"सकाळी काय म्हणालास तू?"

"सकाळी तू चालवत होतीस. त्या वेगात माणूस कशालाही हो म्हणेल."

कंपनीच्या माणसाला वाटलं आता सगळं सुरळीत झालं. त्याने पिशवीतून कागद काढले. "मग कालच्या मसुद्याप्रमाणेच करायचं ना? मुख्य शोरूम थोरल्या साहेबांकडे पूर्णपणे, नवा विभाग धाकट्या साहेबांकडे, आणि वर्कशॉप उरलेल्या जागेत."

ताई कागदांकडे वाकली.

"कालचा मसुदा?" ताईने विचारलं.

दादाने डोळे मिटले. कंपनीचा माणूस एकदा दादाकडे, एकदा बाळूकडे बघत राहिला. मग बाळूच म्हणाला, "काल मी दादाकडे जेवायला गेलो होतो. वहिनीने बोलावलं होतं. तिथेच बोलणं झालं."

"आणि मला धरणावर फिरवायला नेलंत."

"गाडी तूच मागितलीस," दादा म्हणाला. ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं.

वहिनी किती वर्षांपासून म्हणत होती, शोरूम एकट्या दादाच्या हाती हवं, बाळूची लुडबूड नको. आता बाळू आपणहून बाजूला होत होता. त्याला खोली मिळाली, दादाला शोरूम मिळालं. दोघांच्या ताटात वाढायला जे घेतलं होतं, ते ताईच्या ताटातून उचललं होतं.

बाबा उठले. "ताई, खाली चल."

*

वर्कशॉपमध्ये तेलाचा आणि रबराचा वास होता. सातव्या जागेवरच्या लिफ्टवर कुणाची तरी जुनी निळी गाडी अर्धी उघडून ठेवलेली होती. बाबा तिच्याखाली जाऊन उभे राहिले. तरुणपणी ते इथेच उभे असत. वर ऑफिस नव्हतं तेव्हा.

"सायलेन्सर गेलाय हिचा," ते म्हणाले.

"उद्या बदलतोय. बाबा, मी सही करणार नाही."

"नको करूस. तिघांच्या पुरतात."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुमचं ठरलंय."

"हो."

"तुम्हाला वाटतं ती गाडी खपेल?"

बाबांनी निळ्या गाडीच्या पोटावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली काळी माती बघितली. "कशाची खपतेय. एकतीस वर्षं मी काय डोळे मिटून बसलो होतो? आपलं गिऱ्हाईक मला माहीत नाही?"

"मग?"

"त्याला एकदा काहीतरी त्याचं होऊ दे. मी आहे तोवर. दोन वेळा तोंडघशी पडला, आता त्याची बायकोही त्याला काही विचारत नाही. तू आज वर त्याची सालं काढलीस ना, तेव्हा मी त्याचं तोंड बघत होतो. मला नाही बघवलं."

"माझं तोंड बघितलंत का?"

"तुझं काय बघायचं? तुला चार जागा दे, दोन दे, झाडाखाली उभी कर, तू काम करशील. तू पडणारी नाहीस."

ताईला वाटलं, हे कौतुक आहे. क्षणभर खरंच वाटलं. मग त्याचा अर्थ लागला.

"म्हणजे मी उभी राहिले, हेच माझं चुकलं. मीही दोन-तीनदा पडून घ्यायला हवं होतं."

"तसं नव्हे गं बाळ."

"तसंच आहे, बाबा. त्या तीन जागांवर काम करणाऱ्या दोघांचं काय? एक वीस वर्षं आहे माझ्याकडे, एक चौदा."

"त्यांना सांगू काहीतरी."

"कोण सांगणार?"

बाबांनी खिशातून रुमाल काढून बोट पुसलं आणि जिना चढायला लागले. प्रत्येक पायरीवर थांबत होते. एरवी तिने हात दिला असता.

त्या दोघांना तिनेच सांगितलं, सोमवारी सकाळी. वीस वर्षंवाल्या मिस्त्रीने आपले पाने एकेक करून पुसले आणि पेटीत भरले. दुसरा म्हणाला, "ताई, तुमचं चालत नाही का वर?" ती म्हणाली, "नाही चाललं."

*

काचेची खोली झाली. उद्घाटनाला गर्दी लोटली. लोकांनी लाल गाडीत बसून फोटो काढले, पोरांनी हॉर्न वाजवले, गाण्याच्या मास्तरने तीनदा बॉनेट उघडून बघितलं. बाळू दिवसभर कोट सावरत फिरत होता. त्याला इतकं खूष ताईने लग्नातही बघितलं नव्हतं.

एकोणीसपैकी दंतवैद्याने बुकिंग केलं आणि महिन्याने उंच गाडी घेतली. वैमानिकाच्या सासूने चक्कर मारली आणि उतरून म्हणाली, "हिचे शॉकअप गेलेत, आधी दुरुस्त करा." बांधकामवाल्याने खरोखर घेतली, मुलासाठी. मुलाने सहा आठवड्यांत ती दुभाजकावर घातली. मुलगा बचावला, पण शहरात बोभाटा झाला. आठ महिने झाले तेव्हा बारापैकी ती एकच गेली होती. सात अजून घ्यायच्या होत्या, तीन मागच्या अंगणात ताडपत्रीखाली होत्या आणि एक काचेमागे. साध्या गाडीचा खपही वाढला नाही. दादा आता बाळूशी कामापुरतं बोलायचा. बाळू सोफ्यावर बसून असायचा. कोट खुर्चीवर.

ताई कुणाला काही म्हणाली नाही. पण रोज सकाळी आत येताना ती काचेतून बघायची, लाल गाडी तिथेच आहे ना. असली की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटायची. शेवटी रेल्वे फाटकाजवळची एक शेड तिने भाड्याने घेतली. काढलेले दोघे मिस्त्री तिथे कामाला लागलेही. घरी अजून सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाई आल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, मोठ्या इस्पितळात भूल देणाऱ्या. अकरा वर्षं साधी गाडी ताईकडेच दुरुस्तीला आणत. एकट्या राहायच्या, मोजकं बोलायच्या.

"ताई, ती लाल पट्टीवाली. कशी आहे हो?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. रविवारी पहाटे मी डोंगराच्या रस्त्याला जाते. एकटीच. गाडी चालवायला." त्या जरा लाजल्या. "दिवसभर माणसांना झोपवायचं काम. कधीतरी जागं व्हावंसं वाटतं. पण ती भपकेबाज गाडी नको. इस्पितळाच्या दारात लोक बोलतात. ही साधीसारखीच दिसते, म्हणून आवडली."

ताईने चाळीस फोन केले होते, त्यात हा केला नव्हता. अठ्ठावन्न वर्षांची बाई अशी गाडी घेईल, हे बाळूच्या यादीत नव्हतं आणि तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. सगळ्या शहरात या गाडीसाठी एकच माणूस जन्माला आलं असेल, तर ते समोर उभं होतं.

काचेमागून बाळू बघत होता. तो बाहेर आला नाही.

"सीट कडक आहे, असं ऐकलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही खरं सांगाल म्हणून तुमच्याकडे आले. घेऊ का?"

'कडक आहे, नका घेऊ' एवढं म्हणायचा अवकाश होता. अर्धं तरी ते खरंच होतं. बाई गेल्या असत्या, बारांतली दुसरी गाडीही तिथेच राहिली असती. ताईने हातावरचं ग्रीस फडक्याला पुसलं. जरा जास्तच वेळ पुसत राहिली.

"चला," ती म्हणाली. "चावी घेते. धरणाच्या रस्त्याला जाऊ. तुम्ही चालवा."

दुसऱ्या वळणाला डॉक्टरबाईंनी न सांगता गिअर खाली घेतला आणि मोठ्याने हसल्या. परत आल्यावर त्यांनी टेबलाशी उभ्याउभ्याच चेक लिहिला.

"सर्व्हिसिंग तुम्हीच करणार ना?"

"नाही जमणार. ही गाडी इतकी खाली आहे, की तिला वेगळी लिफ्ट लागते. आमच्याकडे एक होती. ती होती तिथे आता सोफा आहे."

डॉक्टरबाईंना वाटलं ती गंमत करते आहे.

*

संध्याकाळी जेवायला सगळे बाबांकडे होते. ताई पोचली तेव्हा बातमी आधीच पोचली होती, पण अर्धीच. बाबा दारातच उभे होते.

"गाडी गेली म्हणे एक?"

"गेली."

"पूर्ण किमतीला?"

"पूर्ण किमतीला."

वहिनी पाणी ठेवता ठेवता थांबली. दादाने मान वर केली. बाळू टेबलाच्या कोपऱ्यात बसला होता, ताटात बघत. काचेमागून त्याने सगळं बघितलं होतं; ताई आता काय सांगणार, याची त्याला धास्ती वाटत असावी.

"कुणी विकली?" बाबांनी विचारलं.

ताईने खुर्ची ओढली. बाळूने नजर उचलली. कानाच्या पाळ्या लाल.

"बाळूने," ती म्हणाली. "डॉक्टरबाई अशा आहेत, की पटकन कुणाला हो म्हणायच्या नाहीत. पण याने बरोबर पटवलं."

बाबांनी दादाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि मग हसायला लागले. "मी म्हणत नव्हतो? म्हणत नव्हतो मी? वेळ लागतो, पण जमतं त्याला." उठून बाळूच्या पाठीवर त्यांनी थाप मारली, एक नाही, तीन. त्यांचे डोळे पाणावले होते. तीस वर्षांत तिच्या कामाने त्यांचे डोळे असे कधी भरून आले नव्हते. बाळू हसला नाही. थाप बसली तसा पुढे झुकला आणि तसाच राहिला.

ताईने स्वतःचं ताट वाढून घेतलं. पहिल्या तारखेपासून मी येणार नाही, शेड घेतली आहे, वर्कशॉप दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा, हे तिला आज सांगायचंच होतं. वाक्यं येताना रस्त्यात जुळवून ठेवली होती.

बाबा अजून हसत होते. जेवण होईपर्यंत हसू द्यावं त्यांना, असं तिने ठरवलं, आणि पहिला घास घेतला.